करंगळीची खूण

माघ लागला की आमच्या गावाच्या ग्रुपवर मेसेज येतो. त्यात मारुतीचा फोटो असतो, मंडपाचा फोटो असतो, कोणत्या दिवशी कोणाचं कीर्तन ते असतं, आणि सगळ्यात खाली एक ओळ असते: घरटी पंचवीस भाकरी, रोज सकाळी दहाच्या आत. यंदा ही ओळ मी बारामतीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर वाचली आणि माझा उजवा हात आपोआप ओट्यावर थापटायला लागला. सूनबाई आतून म्हणाली, आई, काय झालं? म्हटलं, काही नाही गं, सप्ताह आला.

बारामतीत माघ आल्याचं कळतं ते रस्त्यावरून. उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात आणि गतिरोधकापाशी चार कांड्या सांडून जातात. आमच्या गावी, निरवांगीत मात्र तो कानाला कळायचा. सप्ताहाचे सात दिवस सकाळी सात वाजल्यापासून आमच्या अख्ख्या आळीत एकच आवाज असायचा. प्रत्येक घरात थप थप थप. कोणाची थाप जड, कोणाची हलकी, कोणाची मध्येच थांबणारी, कारण तिचं पोर रडत असे. चुलींचा धूर सगळ्या कौलांवर एकाच वेळी चढायचा, थंडीमुळे वर जायचा नाही, तिथेच बसून राहायचा. मंडपातल्या कर्ण्यावरून पोथीचं पारायण ऐकू यायचं. आम्ही बायका पोथी ऐकत भाकरी थापत होतो, असं आमचे हे सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर आम्ही एकमेकींची थाप ऐकत होतो.

भाकरीची आमच्याकडे एक रीत आहे. देवळाच्या सभामंडपाला लागून एक बाजलं टाकतात, त्यावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरतात आणि प्रत्येक घरची भाकरी त्यावर ओततात. ओततात म्हणजे अक्षरशः ओततात. फडक्याची गाठ सोडायची, भाकरी ढिगात टाकायच्या आणि फडकं झटकून घरी यायचं. मग मोठ्या शेतकऱ्याच्या घरची आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईच्या घरची भाकरी एकमेकींच्या अंगावर पडतात, वाढपी वरून खालून हात घालतो आणि पंगतीत कोणाच्या पत्रावळीवर कोणाची भाकरी गेली हे देवालाही कळत नाही. जुन्या माणसांनी विचार करूनच ही रीत घातली असणार. सेवा करावी आणि नाव विसरावं.

मला ही रीत अजिबात मान्य नव्हती.

त्याचं कारण अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कमल. ती अंथुर्ण्याची. माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. आमच्याकडे कालव्याचं पाणी, जिकडे बघावं तिकडे ऊस आणि घरात रोज चपाती. लग्न होऊन निरवांगीला आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. पहिल्या दिवशी मी थापलेली भाकरी तव्यावर टाकायला उचलली तर तिचा अर्धा भाग परातीतच राहिला. सासूबाई बघत होत्या. अक्कानं काही न बोलता तो राहिलेला अर्धा उचलला, माझ्या हातातला अर्धा काढून घेतला, दोन्हींचा पुन्हा गोळा केला आणि माझा हात आपल्या हाताखाली धरून थापला. एक पूर्ण पावसाळा तिनं मला असं शिकवलं. पीठ किती मळायचं, पाणी कधी फिरवायचं, तव्यावरून काढून आराला, म्हणजे निखाऱ्यांना, कधी लावायची. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त हसली.

आता इतक्या चांगल्या बाईचा राग का यावा? कारण माझी भाकरी चांगली झाली की लोक म्हणायचे, कमलबाईच्या हाताखाली शिकली ना. आणि वाईट झाली की म्हणायचे, माहेरी चपाती खात होती ना. म्हणजे माझ्या वाट्याला फक्त वाईट भाकऱ्या उरत होत्या. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, मध्ये भिंत आली, मला दोन मुलं झाली, केस पांढरे व्हायला लागले, तरी मी आपली कमलबाईच्या हाताखालचीच.

त्यात तात्या. तात्या म्हणजे पंगतीचे मुख्य. सत्तरीचे, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. रोज दुपारी पंगत बसायच्या आधी ते महाराजांच्या ताटासाठी ढिगातून एक भाकरी निवडायचे. निवडायचे म्हणजे सोहळाच. दोन-चार उचलून बघायचे, एक हातात धरून उजेडाकडे न्यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “ही कमलबाईची. डोळं झाकून सांगतो.” मग अक्का पुढे व्हायची, पदर सावरायची आणि ती भाकरी ताटात ठेवून ताट महाराजांपुढे न्यायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. बाकी सगळ्यांच्या भाकरीची ओळख त्या ढिगात पुसली जायची आणि एकट्या अक्काची नाही, हा कुठला न्याय? एकदा, फक्त एकदा, तात्यांनी भाकरी उचलून “ही शालनची” म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. आयुष्यात मी फार मोठं काही मागितलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वीच्या माघात मी त्यावर उपाय काढला. तव्यावर भाकरीला पाणी फिरवून झालं की काठाजवळ करंगळीचं टोक हलकेच दाबायचं. भाजल्यावर तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी खळी राहते. माहीत नसेल तर दिसत नाही, माहीत असेल तर दुसरं काही दिसत नाही. माझी भाकरी कुठे जाते, तात्या तिला हात लावतात की नाही, हे मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पुढे काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. पुरावा तर गोळा होऊ दे, म्हटलं.

आणि नेमके त्याच वर्षी आलेले महाराज नम्रतेवर बोलायला लागले.

महाराज तरुण होते, काडीसारखे बारीक, डोळ्यांना चष्मा. सकाळी पारायण झालं की तासभर पोथीतलं समजावून सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की भक्ताला मोठं काम शोभत नाही, सगळ्यात हलकं काम शोभतं. देवानं स्वतः पंगतीतली उष्टी काढली, ही गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली की बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. पुसता पुसता अक्काकडे बघितलं. हे तिनं नीट ऐकायला हवं असं मला फार वाटत होतं.

परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. एरवी बुंदी वाढायला दहा जण पुढे आणि आमटीची जड बादली धरायला कोणी नाही, अशी स्थिती. त्या दिवशी बुंदीची परात घेऊन तात्या एकटेच उभे, आणि उष्ट्या पत्रावळ्या उचलायला निम्मं गाव. सोसायटीचे चेअरमन धोतर खोचून ओळीत फिरत होते. त्यांच्या मागे माजी चेअरमन. माजी चेअरमन त्यांच्या पुढे जायचा प्रयत्न करत होते. एका म्हाताऱ्यानं पाणी प्यायला तांब्या तोंडाला लावला तेवढ्यात दोघांनी दोन बाजूंनी त्याची पत्रावळ ओढली. आमटी त्याच्या मांडीवर. म्हातारा म्हणत होता, आरं माझं जेवान व्हायचंय, पण सेवेच्या भरात कोण ऐकतो? चपला सांभाळायला एक माणूस पुरतो, तिथं सात जण बसले आणि कोणाची चप्पल कोणी ठेवली याचा घोळ होऊन दोन दिवस गावात लोक एकमेकांच्या पायांकडे बघत फिरत होते.

दुसरी पंगत तर बसेचना. आपण मागून जेवणं हे मोठेपणाचं लक्षण, असं सगळ्यांनी मनात धरलेलं. तुमी बसा. न्हाय, आधी तुमी. मी येवढ्यात बसतो का, तुमी वडीलधारी. पत्रावळ्या मांडलेल्या, त्यावर भात वाढलेला, आणि सगळं गाव ओळींच्या बाजूनं हात जोडून उभं. भात गार झाला, माश्या बसल्या. शेवटी तात्यांनी उपरण्यानं घाम पुसला आणि कर्ण्यावरून सांगितलं की आता जो बसणार न्हाय त्याला उद्यापासून कुठलीच सेवा मिळणार न्हाय. तेव्हा सगळे एकदम बसले, तेही शेवटच्या ओळीसाठी ढकलाढकली करत.

महाराजांनी हे सगळं चष्म्यातून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते जरा दमूनच बोलले. म्हणाले, पोथी वाकायला सांगते, पण शेजारचा किती वाकलाय हे बघायला सांगत नाही. ते बघायचं तर मान वर करावी लागते, आणि मान वर केली की वाकणं संपलं. आपली पळी, आपली पत्रावळ, एवढंच बघावं. गाव माना डोलवत होतं. मीही डोलवली. मनात म्हटलं, बरोबर आहे, अक्काला हे कोणी तरी सांगायलाच हवं होतं.

त्याच दुपारी तात्यांनी ढिगात हात घातला आणि भाकरी वर काढली. मी पहिल्या खांबाला टेकून उभी होते. काठाजवळ खळी. माझी भाकरी! तात्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवून बघितली, मान हलवली आणि म्हणाले, “ही कमलबाईची. डोळं झाकून सांगतो.”

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पुरावा डोळ्यांसमोर आणि तोंड उघडायची सोय नाही. “तात्या, ती माझी आहे” म्हटलं तर “तुला कसं कळलं” हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दिलं की अख्ख्या गावाला कळणार की शालननं देवाच्या भाकरीवर खुणा केल्या. तेही मान वर न करण्याबद्दल ऐकून तास झालेला नसताना. मी खांबाला नखं लावून उभी राहिले. अक्का पुढे झाली, ताट उचललं, आणि माझी भाकरी तिच्या हातून महाराजांच्या पुढे गेली. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं असं मला वाटलं, पण तेव्हा मी तिच्या प्रत्येक बघण्यात काहीतरी शोधत होते.

घरी आल्यावर मी यांना जेवायला वाढलं ते इतक्या जोरात की भाताचं शीत भिंतीला लागलं. यांनी विचारलं, प्रवचन कशावर होतं? म्हटलं, नम्रतेवर. ते म्हणाले, व्हय का, आणि पुढं काही न बोलता जेवले.

चौथ्या दिवशी मात्र देवानं माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. अक्का भाकरी घेऊन आली, लाल काठाचं तिचं फडकं तिनं डाव्या कुशीत धरलं होतं आणि उजव्या हातावर पदर ओढला होता. हा कसला नवा थाट, असं मनात आलं. फडकं सुटलं आणि भाकऱ्या पडल्या. जाड! एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, काठ फाटलेले, एक तर चक्क तीन कोपऱ्यांची. मी चोरून परत परत बघितलं. थोड्या वेळानं तात्यांनी त्यातलीच एक उचलली, नाक मुरडलं, कुठल्या तरी शिकाऊ सुनेची दिसते असं पुटपुटत ढिगाच्या तळाशी सरकवली आणि दुसरी वर काढली. तिच्या काठाजवळ खळी होती. “ही कमलबाईची,” तात्या म्हणाले.

पण त्या दिवशी मला त्याचं दुःख झालं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी आमटीची जड बादली आपण होऊन उचलली आणि दोन पंगतींना वाढली. लोक म्हणाले, बघा, महाराजांचं बोलणं शालनबाईंना लागलं. लागलंच होतं म्हणा. सबंध वाढप होईपर्यंत मी मनातल्या मनात त्या तीन कोपऱ्यांच्या भाकरीला ओवाळत होते. थकली कमलबाई. हात गेला तिचा. आता बघू कोण कोणाच्या हाताखाली.

आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मुळीच वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्या पंचवीस लवकर झाल्या. म्हटलं, अक्काकडे जाऊन यावं. मनात वाक्य तयार होतं: अक्का, तुमचं पीठ खराब लागलंय का? माझ्यातलं देऊ? आवाज कसा ठेवायचा, मान किती तिरकी करायची, सगळं ठरलं होतं. मदतही होईल, नम्रपणाही होईल आणि घावही बसेल. मागच्या दारानं गेले.

अक्का चुलीपुढे बसली होती आणि डाव्या हातानं भाकरी थापत होती. उजवा हात मांडीत. त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, हळदीनं पिवळी झालेली. त्यातून दिसणारी बोटं सुजून चकाकत होती. डाव्या हाताची थाप पडली की भाकरी एका बाजूला पळायची. मग ती कोपरानं परात अडवायची आणि पुन्हा थापायची. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायला तिच्याकडे तिसरा हात नव्हता.

माझं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

“कवा झालं?” मी विचारलं.

“परवा सांजच्याला. गोठ्यात पाय घसरला.” तिनं वर बघितलंही नाही. “कुणाला बोलू नगंस.”

“दवाखान्यात का न्हाय गेला?”

“ते पलिस्तर घालत्यात. काला झाला की जाती. आत्ता गेलं तर भाकरीचं काय?”

मी चिडले. घाबरले की मला चिडायला होतं. म्हटलं, तुमच्या पंचवीस भाकरी आल्या न्हायत तर देव उपाशी राहतो का?

“देव कशाला ऱ्हाईल,” अक्का म्हणाली. मग हात थांबवून चुलीत एक लाकूड सारलं. “तात्यानं ताटात दुसरीची भाकरी घेतली तर मला घास जात न्हाय, शालन. खोटं कशाला बोलू. म्हाराज रोज सांगत्यात, मी रोज मान हलवती, आन् घरी यिऊन पुन्यांदा तेच. काल ताटात गेली ती काय माझी न्हवती. मला काय कळत न्हाय व्हय?”

हे ऐकून मी जमिनीवर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की अक्का उंचावर आहे आणि तिला तिथं बसायला काही लागत नाही. तीही माझ्यासारखीच कान टवकारून थापा ऐकत होती, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि काल, तिचं मनगट ठणकत असताना, मी आनंदानं आमटी वाढत हिंडत होते. मला रडू आलं. चुलीचा धूर होता म्हणून ते निभावलं.

मी तिला ढकलून बाजूला केलं आणि परात पुढे ओढली. त्या दिवशी पंचवीस तिच्या चुलीवर केल्या, सहाव्या दिवशीही, सातव्या दिवशीही. दवाखान्यात चला म्हणून रोज भांडले. ती हलली नाही. मी दिरांना सांगायची धमकी दिली, तर म्हणाली, सांग, आणि उद्यापासून माझ्या दारात येऊ नको. मी गप्प बसले. ते माझं चुकलं. सांगायला हवं होतं.

काल्याच्या दिवशी पहाटेपासून पन्नास थापल्या. अक्का शेजारी बसून डाव्या हातानं लाकडं सारत होती आणि सारखं चालूच: आर कमी झाला, ही जाड झाली, पानी जास्त फिरवलंस, अशानं पापुद्रा सुटत न्हाय. तिला आयुष्यात भाकरी फक्त बघायचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते तिला फार आवडलं होतं. मी मनाशी ठरवून बसले होते की आज खूण करायची नाही. एकाही भाकरीला नाही. पन्नास भाकरी, दोन फडकी, एकच हात आणि कोणाला काही कळायचं कारण नाही.

काल्याचं कीर्तन झालं. अख्खं गाव सभामंडपात दाटलेलं. तात्यांनी ढिगात हात घातला, दोन बाजूला सारल्या आणि एक वर काढली. खरोखर सुंदर होती. पातळ, गोल, वरचा पापुद्रा सगळीकडून सुटलेला. “आता ह्याला काय म्हनायचं,” तात्या म्हणाले. “बारावं वरीस. ही कमलबाईची.”

अक्का उठली. उजव्या हातावर पदर. डाव्या हातानं भाकरी घेतली, क्षणभर बघितली, ताटात उलटी ठेवली आणि ताट उचलून नेलं. तेवढ्यातही मला वाटलं, उलटी का ठेवली? वरची बाजू जास्त चांगली होती. महाराजांनी घास घेतला आणि कोणाच्या हातची म्हणून विचारलं. तात्यांनी अक्काकडे बोट केलं. महाराजांनी हात जोडले. अक्कानंही जोडायचा प्रयत्न केला, तो नीट जमला नाही.

त्या वेळी माझ्या जिभेचं काय झालं ते मलाच ठाऊक. नाव तोंडात येऊन दातांना धडकत होतं. माझी आहे. त्या पन्नासही माझ्या आहेत. हिच्या चुलीवरच्या, पण माझ्या. आणखी क्षणभर तिथं उभी राहिले असते तर बोलले असते, म्हणून मी पळाले आणि पंगतीतल्या पत्रावळ्या उचलायला लागले. तिथं माजी चेअरमन होतेच. त्यांनी माझ्या हातातली पत्रावळ ओढायचा प्रयत्न केला. मी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी बारामतीला नेऊन अक्काच्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टर रागावले, इतके दिवस काय करत होता म्हणाले. मनगट सांधलं, पण जरासं वाकडंच सांधलं. तिला आता दोन-चार भाकरींच्या वर थापवत नाही. तिच्या वाट्याच्या तिची सून करते. तात्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी ते अजून हाताला येईल ती भाकरी उजेडाकडे धरून कमलबाईची म्हणतात, आणि आता कोणी त्यांना दुरुस्त करत नाही.

मी पुढच्या वर्षीपासून खूण सोडली. पुढची तीन वर्षं पंचवीस थापायच्या, ढिगात ओतायच्या, फडकं झटकून घरी यायचं. नंतर नातीच्या शाळेसाठी बारामतीला आले, तेव्हापासून फक्त काल्याला हात जोडून परत. पण काल्याच्या त्या भाकरीबद्दल मी कधी कोणाला चकार शब्द सांगितला नाही. यांनाही नाही. आणि याचा मला किती अभिमान आहे म्हणून सांगू. नळाखाली भांडी घासताना, बाकावर नातीची वाट बघताना, मध्येच आठवायचं की आपण एक एवढं मोठं मौन पाळून आहोत, आणि पाठ ताठ व्हायची. कुठे नम्रतेबद्दल प्रवचन लागलं की मी मंद हसते. जाणकार माणसासारखं.

तर यंदा मेसेज आला आणि मी ठरवलं की या वेळी पूर्ण सात दिवस जायचं. नात मोठी झाली, सूनबाई म्हणाली जा. अक्काला फोन लावला. चहा उतू जायच्या बेतात होता.

“येतीस न्हवं?” अक्का म्हणाली.

“येते की. दोन दिवस आधीच येते.”

“ये. सुनेची कंबर धरलीया. माझ्या पंचवीस बी तुझ्याकडंच.” मग म्हणाली, “आन् ती करंगळी दाबतीस न्हवं काठाला. ती दाब यंदा.”

चहा उतू गेला. मी बर्नर बंद करायचं विसरले.

“कसली करंगळी?”

“शालन, भाकरी तुला मी शिकवली. माझ्या म्होरं नगं.” ती हसत होती. “तात्यानं पैल्यांदा उचलली तवाच वळखली मी. आन् काल्याच्या दिवशी ताटात गेली तिला बी हुती. सवयीनं दाबली असशील. म्हनून तर उलटी ठेवली. म्हाराजानं इचारलं असतं, हे काय, तर काय सांगायचं हुतं आपन?”

आठ वर्षं मी समजत होते की गप्प मी बसले आहे. सगळा वेळ माझ्या शेजारी कोणीतरी माझ्यापेक्षा जास्त गप्प बसलं होतं, आणि तिनं त्याचा साधा हिशोबही ठेवला नव्हता. पाठ ताठ करायला मला आता काहीच उरलं नाही, आणि मला वाटलं असतं तेवढं त्याचं वाईट वाटलं नाही.

ओट्यावरचा चहा फडक्यानं टिपत मी हळूच विचारलं, “मग आता कशाला दाबू, अक्का? सोडली मी ती खूण केव्हाच.”

“म्हाईत हाय सोडलीस ते. त्या तीन वर्सांत माझा लय घोळ झाला. पंगतीत शेवटाला बसती मी, तवर ढीग खालीवर झालेला आसतो. वाकडा हात घालून एकेक भाकरी उलटीपालटी करत बसायचं.” तिचा आवाज जरा तक्रारीचा झाला. “तू खूण न्हाय केलीस तर तेवढ्या भाकरीतनं तुझी मला कशी घावायची?”

मी म्हटलं, दाबते.